वास घे की, भावा

यशवंता समोरून येताना दिसला, की आमच्या वनस्पतिशास्त्र विभागातली माणसं आधी नाक सांभाळत. कारण राम राम घालायच्या आधीच तो खिशातून कागदाची पुडी काढायचा, उलगडायचा आणि आतली अळंबी थेट समोरच्याच्या नाकाला लावायचा.

"वास घे की, भावा. कशासारखा येतोय?"

"बरा येतोय" म्हणून सुटका होत नसे. "बरा हा काय वास असतोय व्हय? नीट सांग. मुळ्यासारखा, का भिजल्या पिठासारखा?"

त्याच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं. कँटीनचे मामा झाले, शिपाई झाले. एकदा मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला इचलकरंजीहून एक गृहस्थ आले होते. त्यांनाही त्यानं "पावणं, जरा इकडं या" म्हणून बाजूला घेतलं. प्रवेश राहिला बाजूला. गृहस्थ डोळे मिटून बराच वेळ हुंगत राहिले आणि म्हणाले, "सुताला खळ लावत्यात बघा, तसला हाय ह्यो." यशवंता इतका खूश झाला, की त्यांना चहा पाजून स्टँडपर्यंत सोडून आला. प्रवेशाचं काय झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

आम्ही एका खोलीत राहायचो आणि एकाच मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. करायचो. माझा विषय गवतं, त्याचा अळंब्या. गवत बिचारं जागेवर सापडतं. अळंबी आज आहे, उद्या तिथं नुसता ओला डाग. त्यामुळे पावसाळाभर यशवंता माणसांत नसायचा. गगनबावड्याकडच्या एका देवराईत हा पाचोळ्यावर गाल टेकून आडवा पडलेला असायचा.

एकदा मीही सोबत गेलो. धुकं असं उतरलं होतं, की झाडं दुधात बुडाल्यासारखी दिसत होती. बोललेला शब्दसुद्धा ओला होऊन पायाशीच पडत होता. यशवंता चप्पल हातात घेऊन चालत होता.

"हळू," तो कुजबुजला. "खाली समदी वस्ती हाय."

कुजक्या ओंडक्यावर नखाएवढ्या पांढऱ्या छत्र्या उभ्या होत्या. वारा नव्हता, तरी त्या आपापसांत मान हलवताहेत असं वाटत होतं. किती वेळ आम्ही तिथं बसलो कुणास ठाऊक. झोप लागल्यासारखं झालं होतं, फक्त डोळे उघडे होते.

"ह्या एक," तो म्हणाला, "आन् त्या पल्याडच्या ओंडक्यावरच्या येगळ्या."

मला दोन्ही सारख्याच दिसल्या. मॅडमही त्यांना एकच जात म्हणत. रंग तोच, उंची तीच, छत्रीखालच्या पाकळ्या तशाच. फरक फक्त वासाचा, आणि मॅडमना ते पटत नव्हतं. "वास वयानं बदलतो, यशवंत. आणि तू लिहून काय आणतोस, तर खळ आणि मुळा!" त्या दोघी वेगळ्या ठरल्या नाहीत, तर त्याचा निम्मा प्रबंध गळून पडणार होता.

मी एक अळंबी त्याच्यापुढे धरली. "मग तूच हुंगून पक्कं सांग की. गावाची नाकं कशाला पाहिजेत?"

त्यानं ती घेतली, नाकाशी नेली, छाती भरून श्वास घेतला. मग हसला.

"मला न्हाय येत वास."

"म्हणजे?"

"कोरोनात गेला, त्यो आलाच न्हाय परत. समद्यांचा आला. माझाच कुठं वाट चुकला कुणास ठाऊक."

मला आमच्या खोलीत दूध करपलं होतं तो दिवस आठवला. जिन्यापर्यंत धूर आला होता आणि हा शेगडीकडे पाठ करून शांतपणे वाचत बसला होता. मला वाटलं होतं, वाचनात रंगलाय.

"मॅडमना सांगितलंस?"

"न्हाय. म्हनतील, विषय बदल." त्यानं अळंबी परत ओंडक्यापाशी ठेवली, निजलेलं पोर ठेवावं तशी. "एमेस्सीला असताना ह्याच नाकानं वास घेतलाय मी दोघींचा. येगळा हाय. अजून डोक्यात हाय. पर डोक्यातलं कोन धरतंय?"

शेवटी दोन्हींचे नमुने डीएनए तपासायला पाठवले. निकाल आला त्या दुपारी मॅडमनी पडद्यावर वंशवृक्ष उघडला. दोघी एका फांदीवर नव्हत्याच. शेजारच्या फांदीवरही नव्हत्या. त्यांच्या वाटा फार जुन्या काळी फुटल्या होत्या आणि एकाच सावलीत, एकाच ओलीत राहून त्या सारख्या दिसायला लागल्या होत्या.

मॅडमनी चष्मा काढला. "यशवंत, नाक कुणाचं रे हे?"

"समद्यांचं, मॅडम," यशवंता म्हणाला आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर खुर्चीत बसला.

ही बातमी आईला सांगायला त्याला त्याच दिवशी गावी जायचं होतं. मलाही ओढून नेलं. गाव कागलजवळ. घरात दोघंच, तो आणि आई. आम्ही पोहोचलो, तेव्हा आई डेअरीत दूध घालून नुकतीच येत होती, रिकामी किटली हातातच होती. ती दार उघडून आत गेली आणि मागं वाटेत कुणाशी तरी बोलत रेंगाळलेला यशवंता अंगणातूनच ओरडला,

"आई, थालिपिठाचा वास पार येशीपातूर आलाय बघ!"

मी आत पाहिलं. शेगडी थंड होती. तवा भिंतीला टांगलेला होता.

आईनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. मग मोठ्यानं म्हणाली, "येनारच की! तुझ्यासाठीच चाललंय. जा, हात-पाय धून ये."

तो परसात गेला. पाण्याचा आवाज यायला लागल्यावर ती माझ्याजवळ आली. "दर खेपेला असंच म्हनतंय ते. मला वंगाळ वाटू नये म्हनून." तिनं डोळ्यांना पदर लावला, भाजणीचा डबा खाली घेतला आणि भराभर कांदा चिरायला लागली.

"जा बाबा, जरा बोलन्यात गुतीव त्याला."

मी परसात गेलो आणि म्हैस कितव्या वेताची, म्हणून विचारत बसलो.