निष्कर्ष आधी, निरीक्षण मागाहून

विद्यार्थ्यानं प्रश्न विचारू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे. प्रश्नांना घाबरणारा माणूस नव्हे. दरवर्षी परीक्षेचे प्रश्न मीच काढतो. पण प्रश्न कुणी विचारायचा, कधी विचारायचा आणि कुणाच्या परवानगीनं विचारायचा, याला काही रीतभात आहे की नाही? कृष्णातला ती नव्हती. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

कृष्णात मुरगूडकडचा. बाप ज्ञानू, ऊसवाला शेतकरी. पोरगं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, मागच्या बाकावर बसणारं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शहात्तर साली, प्रॅक्टिकलच्या तासाला त्यानं हात वर केला. मला वाटलं, बाहेर जायचं असेल. मी मानेनंच परवानगी दिली. तर हा उभा राहून बोलायलाच लागला.

"सर, दोन शंका हायत. येक म्हंजे, तुमी आधी क्षाराचं नाव सांगता आन् मग आमी त्येच्या परीक्षा लिवतो. उद्या नाव कुनी सांगितलंच न्हाय, तर वळखायचं कसं? आन् दुसरी, ह्ये समदं शिकून नोकरी कुठं लागती?"

सगळ्या वर्गाचं लिहिणं थांबलं. एका मुलानं तर हातातलं पेन सोडून दिलं.

इथं आमच्या विभागाची कार्यपद्धती सांगणं भाग आहे. इतर कॉलेजांत विद्यार्थ्याला एक पांढरी पूड देतात. ती तो तापवतो, आम्लात विरघळवतो आणि तासभर धुरात खोकून ती कोणता क्षार आहे ते शोधतो. यात गॅस जळतो, काच फुटते, कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो आणि आमच्याकडं तर वरच्या मजल्यावरून संस्कृतच्या कालिंदीबाईंची तक्रारही यायची. एवढं करून अर्ध्या पोरांचं उत्तर चुकतंच ते चुकतं. सबब, खर्च आणि मनस्ताप या दोहोंचा साकल्यानं विचार करून आम्ही 'निष्कर्षप्रथम पद्धती' अंगीकारली. तासाच्या सुरुवातीला मी जाहीर करतो, "आज झिंक सल्फेट." मग मुलं शांतपणे बसून झिंक सल्फेटला शोभतील अशी निरीक्षणं लिहितात. ही पद्धत आल्यापासून आमच्या विभागात एकाही विद्यार्थ्याचं उत्तर चुकलेलं नाही. अशी दुसरी प्रयोगशाळा दाखवा मला!

तर हे दोन प्रश्न घेऊन मी प्राचार्य नृसिंहरावांकडे गेलो.

"अभ्यासक्रमात आहेत का हे?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

"मग त्याला कळले कुठून?"

"स्वतःलाच सुचले म्हणतो."

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्र्यंबकराव, हे इतर मुलांत पसरायच्या आत समिती नेमा."

त्याच आठवड्यात 'व्यवसाय मार्गदर्शन समिती' स्थापन झाली आणि तिच्या उद्घाटनाला जवळच्याच एका सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन आण्णासाहेब आले. शाल झाली, नारळ झाला, हार तर इतके झाले की भाषण करायला तोंड दिसेना. "आजच्या तरुणानं प्रश्न विचारले पाहिजेत!" आण्णासाहेब कडाडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कृष्णातला ते खरंच वाटलं. त्यानं हात वर केला. मी डोळे वटारले, पण आण्णासाहेब मोठ्या मनाचे.

"कुठलं गाव, पावणं?"

"मुरगूडकडचा."

"कुनाचा तू?"

"ज्ञानूचा."

"आरं, त्येचा ऊस आपल्याच कारखान्याला येतोय की! मग प्रश्न कसला इचारतोस? पास हो आन् ये. लॅबोरेटरीत येक जागा हाय. ती तुझी."

झालं. दुसऱ्या प्रश्नाचा असा जागच्या जागी निकाल लागला. पास व्हायचं, एवढंच उरलं. आता एखाद्या शहाण्या पोरानं पहिला प्रश्न गिळून टाकला असता. पण अंगात किडा असला की तो स्वस्थ बसू देतो होय?

वार्षिक प्रॅक्टिकलचा दिवस उजाडला. बाहेरचे परीक्षक सांगलीहून आले होते. कॅन्टीनवाल्या सयाजीनं त्यांच्यापुढं गरम कांदाभजी ठेवली होती, आणि ते ती मनापासून खात होते. मी रिवाजाप्रमाणे दारात उभं राहून नाव सांगितलं, "झिंक सल्फेट." मुलं खाली मान घालून लिहायला लागली. एवढ्यात 'फस्स' असा आवाज आला. पाहतो तो कृष्णातनं बर्नर पेटवलेला! त्या प्रयोगशाळेत बर्नर पेटलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

त्यानं पूड ज्योतीवर धरली. ज्योत पिवळीधमक झाली. पाण्यात विरघळवून त्यात कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या बाटलीतलं सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घातलं. पांढरा साका खाली बसला. मग तो उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, ह्ये झिंक सल्फेट न्हाय. ह्ये खायाचं मीठ हाय!"

आता यात लपवण्यासारखं काहीच नाही. झिंक सल्फेटची मागणी मी रीतसर केली होती, आणि ती रीतसर नामंजूर झाली होती. प्राचार्यांनी विचारलं होतं, "उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर बाटलीत काय आहे यानं काय फरक पडतो?" शास्त्रीयदृष्ट्या हे बिनतोड होतं. तेव्हापासून पांढऱ्या क्षारांच्या सगळ्या बाटल्यांत किराणा दुकानातलं मीठ भरलेलं असतं. सयाजीला भज्यांना मीठ कमी पडलं की तोही आमच्याकडून अमोनियम क्लोराइडची बाटली नेतो. आजवर कुणाची तक्रार नाही.

परीक्षकांनी हातातलं भजं बशीत ठेवलं आणि कृष्णातला जवळ बोलावलं.

"बाटलीवर काय लिहिलंय?"

"झिंक सल्फेट."

"वाचता येतं ना तुला?"

"येतं की."

"मग परीक्षा कशाला केल्यास?"

"परीक्षाच हाय न्हवं, सर?"

"हे बघ, बाकी सगळ्या वर्गाला याच बाटलीत झिंक सल्फेट सापडलंय. एकट्या तुझ्यासाठी विज्ञान बदलायचं का? माझी चारची एसटी आहे. तोवर फेरविचार कर. नाही तर मला नापास म्हणून लिहावं लागेल."

नापास म्हणजे कारखान्यावरची जागा गेली. ज्ञानू बाहेरच व्हरांड्यात बसला होता. गुळाच्या सौद्याला आला होता, तसाच पोराची परीक्षा म्हणून थांबलेला. मी त्याला आत बोलावलं.

"सायेब, पोरगं चुकलंय का?" त्यानं हात जोडून विचारलं.

"चुकलेलं नाही हो. तीच तर अडचण आहे."

ज्ञानूनं थोडा विचार केला. मग तो पोराजवळ गेला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझं बराबर हाय, लेकरा. पर जागा जाईल. सर काय सांगत्यात ते लिव्ह."

कृष्णातनं आधी बापाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. असलं वाईट वाटणं नोकरीत बरं नव्हे. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मागं गॅसची चावी बंद झाल्याचा आवाज आला आणि मग पेनाची कुरकुर सुरू झाली.

काय लिहिलं होतं पोरानं! रंग, वास, साका, त्या साक्याचा आम्लातला स्वभाव, सगळं कसं जिथल्या तिथं. इतकं शुद्ध झिंक सल्फेट मी प्रत्यक्ष बाटलीतसुद्धा पाहिलेलं नाही. परीक्षकांनी त्याला वर्गात सर्वाधिक गुण दिले आणि उरलेली भजी कागदात बांधून घेतली.

कृष्णात कारखान्यावर रुजू झाला. तिथं उसाचा उतारा काढायचं काम त्याच्याकडं आलं. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती साखर पडली तो आकडा. शेतकऱ्याला दर त्यावरच मिळतो. पहिल्याच दिवशी आण्णासाहेबांनी त्याला बोलावून, गळीत सुरू व्हायच्या आधीच, यंदाचा उतारा किती लागणार ते सांगितलं. नव्या पोरानं अशा वेळी काहीतरी विचारलं असतं. कृष्णातनं काहीही विचारलं नाही. त्या आकड्याला शोभतील अशी सबंध हंगामाची निरीक्षणं त्यानं लिहून काढली. दोन हंगामांत तो चीफ केमिस्ट झाला. अभ्यासक्रमाचा व्यवसायाशी संबंध नसतो म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

परवा एसटी स्टँडवर ज्ञानू भेटला. वाळला होता जरा.

"काय म्हणतो ऊस?" मी विचारलं.

"ऊस झ्याक हुता, सायेब. पर उतारा कमी लागलाय औंदा. दर पडला." मग माझ्या जवळ सरकून, छाती फुगवून म्हणाला, "बाकीची बोंबलत्यात, उतारा चोरला म्हणून. मी न्हाय बोंबलत. आमचं पोरगंच हाय न्हवं तपासायला? त्ये खोटं कशाला लिवंल?"

मी "खरंय" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुम्ही हसताय? हसा, हसा. यंदा तुमच्याही घरी कुणीतरी दहावीला असेलच. निकालाच्या दिवशी पेढा भरवून तुम्ही त्याला मोठ्या मायेनं विचाराल, "बाळा, पुढं काय व्हायचं म्हणतोस?" आणि त्याचा पेढा गिळून व्हायच्या आत शेजाऱ्यांना सांगाल, "सायन्सला घालतोय." जरूर घाला. अलीकडची मुलं आमच्या पद्धतीला अजिबात बुजत नाहीत. घरूनच शिकून येतात.