कंगव्याचा प्रयोग

सरांनी कंगवा खिशात टाकला, तेव्हा बायकोने आधी कंगव्याकडे आणि मग त्यांच्या टकलाकडे बघितले.

"हा आता कुणासाठी?"

"तपासणी आहे आज. स्थिर विद्युत दाखवायचीय. प्रयोग फसला तर प्रयोगशाळेला कुलूप."

"आणि तुम्हाला?"

"चित्रकला शिकवायला लावणार."

सरांनी एकदा गाय काढली होती. ती आठवून बायकोने देवापुढे दिवा लावला.

उमेदीच्या काळात हा प्रयोग सरांचा हुकमी होता. केसांतून कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांवर धरला, की कपटे टुणकन उडून चिकटत आणि वर्ग टाळ्या वाजवी. पुढे केस गेले, त्यांच्यामागून टाळ्याही गेल्या. त्यात आठवडाभर मेली पावसाची रिपरिप! दमट हवेत हा प्रयोग मान टाकतो, म्हणून सरांनी प्रयोगशाळेत सकाळीच दारे-खिडक्या लावून हीटर पेटवला. केस मात्र उसनेच घ्यायचे होते.

"बाळ, जरा डोकं दे बघू."

"सर, भिजलेत केस."

सगळा वर्गच भिजून आला होता. कोरडे डोके एकच होते, ते गाडीतून आलेल्या तपासनीसबाईंचे. लोकरी कोट घालून त्या हीटरशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत चुळबुळत बसल्या होत्या. सरांनी त्यांच्या घट्ट अंबाड्याकडे पाहिले आणि धीर सोडला.

मग त्यांनी कंगवा स्वेटरवर घासला. स्वेटरही ओलाच. कपटे ढिम्म हलेनात.

"सर, हलले, हलले!" एक मुलगी ओरडली.

"माझ्या उसाशानं हलले गं ते," सर म्हणाले. त्यांना रडूच यायचे बाकी होते. या खोलीत त्यांची सारी हयात गेली होती, आणि आज तिच्यासाठी साधा एक कपटा उडायला तयार नव्हता.

"पुरे झालं," म्हणत बाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी दाराच्या लोखंडी कडीला हात घातला.

चट्! ठिणगी सगळ्या वर्गाने पाहिली.

"आई गं!"

वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. सरांचे तर भानच हरपले. "हीच ती स्थिर विद्युत! कोट खुर्चीवर घासला ना, त्यानंच! बाई, परत एकदा बसून उठता का? मागच्या बाकांना दिसलं नसेल."

बाई बोट चोखत होत्या. "अहो, माणसं मारताय का? दारात करंट येतोय! आजच्या आज कुलूप घाला या खोलीला."

"करंट नाही हो, प्रयोग झाला!"

"झाला ना? मग आता काय राहिलंय?"

शिपायाने कुलूप आणले. कडीला हात लावायला तोही घाबरत होता, म्हणून ते सरांनीच लावले.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारले, "झाला का हो प्रयोग?"

"झाला. फारच चांगला झाला."

"मग तोंड का असं पडलंय?"

सरांनी कंगवा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसकण मारली.

"गाईची शिंगं कानांच्या पुढे असतात गं, की मागे?"