कासीममिस्त्रींचा काटा

तीर्थपुरीचे कासीममिस्त्री गिऱ्हाइकाला छकडा विकण्याआधी त्याचं वजन करतात. छकड्याचं नव्हे, गिऱ्हाइकाचं. दुकानाच्या तुळईला वखारीतला मोठा काटा टांगलेला. एका पारड्यात वाळूची गोणी कायमची बसलेली, दुसऱ्यात गिऱ्हाईक. गोणी वर गेली की सौदा खतम. मग तुम्ही पाटील असा नाहीतर पाटलाचे व्याही.

मला हे कसं ठाऊक? मीही त्या पारड्यात बसलेलो आहे.

बैलांचे गोंडे आणि घुंगरं डोक्यावर घेऊन बाजारोबाजार फिरलो आणि त्यातून वर आलो. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायला खिलारी जोडी घेतली. पटात कासीममिस्त्रींच्या छकड्यापुढे कुणी जात नाही, म्हणून त्यांच्याकडे गेलो. भर बाजाराचा दिवस. घासाघीस करायची म्हणून चार वाक्यं तयार ठेवली होती, ती वापरायची वेळच आली नाही. मी बसलो आणि गोणी तुळईला जाऊन लागली.

मिस्त्री म्हणाले, "शेटजी, तुमी एक न्हाई, दोन गिऱ्हाइकं हाव. गाडी देईन, पन बैलाला काय सांगू?"

सगळा बाजार हसला. माझी तब्येत खात्यापित्या घरची नाही. मी स्वतः मिळवून खाल्लेलं आहे. ते हसणं मी आजवर विसरलेलो नाही.

महिन्याभरात मी त्यांच्या दुकानासमोरच दुकान थाटलं. दोन सुतार ठेवले. मिस्त्रींचा छकडा म्हणजे रंग नाही, रोगण नाही, नुसता हाडांचा सापळा. माझा लालभडक, जुवाला आरसे, पितळी घुंगरं आणि दोन्ही बाजूंना पिसारा फुलवलेला मोर. दारावर पाटी लावली : 'मोरछाप छकडा. बघणाराची नजर हटत नाही.'

मिस्त्रींनी पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली. म्हणाले, "बराबर हाय. छकडा बी जागचा हटत न्हाई."

पटात दरसाल त्यांचा छकडा पुढे आणि माझा मागे. पण मागे असला तरी लोक माझ्याकडेच बघत, कारण त्यांचा तोवर निघून गेलेला असे. लग्नात वरातीला मोर आणि पटाला मिस्त्री, अशी गिऱ्हाइकांची वाटणी होऊन गेली. मला ती मान्य नव्हती.

पण दोन सालांपासून नशीब फिरलं. मिस्त्री सडपातळ माणसांनाही परत पाठवू लागले. आमच्या गावचा नामदेव इतका बारीक, की वावटळीच्या दिवसांत खिशात दगड ठेवतो. त्यालाही नाही म्हणाले. त्याने दगड काढून ठेवले, पुन्हा बसला, तरी नाही. तो तसाच रस्ता ओलांडून माझ्याकडे आला. लोक म्हणू लागले, मिस्त्री सटकले, सालाभरात दुकान बंद पडणार. मी मोर रंगवायला आणखी एक माणूस ठेवला.

आणि ऐन पटाच्या तोंडावर माझ्या नव्या छकड्याची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, सैल झाली. ती पुन्हा बसवावी तर मिस्त्रींनीच. नाक मुठीत धरून गेलो. त्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही, म्हणाले, "दुसरी सांडशी धरायला मानूस न्हाई. तुमीच धरा."

तापलेली धाव दोघांनी दोन बाजूंनी उचलावी लागते. पूर्वी दुसऱ्या बाजूला कोण असायचं, ते मी गोवऱ्या रचताना विचारलं.

"याकूब. धाकला भाऊ. माझा छकडा पटात तोच हाकायचा. पुलिस अ‍ॅक्शनच्या गडबडीच्या सालात हैदराबादेला गेल्ता, मंग तिकडंच राह्यला. जाताना काट्यावर बसला, त्याच्या वजनाची वाळू भरून घेतली. म्हनला, माझ्या मापाची गाडी तयार ठिव." मिस्त्रींनी गोणीवर हात फिरवला. "म्या समद्या त्याच्याच मापाच्या करतो. पन रोज सकाळी हात लावून बघतो, तर दोन सालांपास्नं हलका होऊन राह्यला. खुशालीचा कागद बी न्हाई. तिकडं पोटाला मिळत नसंल का, शेटजी?"

मिस्त्रींची नजर अधू झालेली. मला मात्र बसल्या जागेवरून दिसत होतं. गोणीच्या बुडाचा कोपरा पारड्याबाहेर लोंबत होता, त्याला उंदराने भोक पाडलेलं होतं आणि मागच्या लाकडांच्या फटीत वाळूचा ढीग साचला होता.

माझ्या तोंडी आलेलं मी कधी गिळत नाही. त्या दिवशी गिळलं.

मिस्त्री पाणी आणायला आडावर गेले. मी गुडघ्यांवर बसलो, जे मला सोपं नाही. ओंजळी भरभरून सगळी वाळू गोणीत घातली आणि घुंगरं ओवायच्या सुतळीने भोक शिवलं. दर ओंजळीला माझं एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून मिस्त्रींकडे परत येत होतं, हे मला कळत होतं.

पटात माझा मोर मागेच राहिला. पुढच्या बाजाराला नामदेव खिशातल्या दगडांसकट मिस्त्रींच्या काट्यावर पास झाला. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो.

मिस्त्रींनी गोणीला हात लावला, थांबले, पुन्हा लावला. मग रस्त्यापलीकडून मला म्हणाले, "शेटजी, याकूब आता जेवून राह्यला."

मी म्हणालो, "मग मला छकडा द्या."

"तुमाला न्हाई," ते म्हणाले.

गोणीला घातलेला माझा टाका कच्चा आहे. दर बाजाराच्या सकाळी भांडायच्या निमित्ताने जातो आणि पाहून येतो.