गुलाब गुरुजींची कंबर आणि ताईतांची परात

गुलाब गुरुजींची कंबर धरली ती नेमकी विज्ञान दिन महिन्यावर आला तेव्हा. गोंडपिपरीच्या शाळेत त्या दिवशी त्यांचं व्याख्यान ठरलेलं होतं. विषय नेहमीचाच, 'गंडेदोरे आणि आपण'. नोकरीभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी हे व्याख्यान दरवर्षी देत, दरवर्षी टाळ्या पडत, आणि टाळ्या वाजवणाऱ्या दंडांवरचे ताईत दरवर्षी तितकेच हलत. यंदा मात्र गुरुजींना खुर्चीतून उठवायलाच माणूस लागत होता.

"माह्या मायच्या गावचा भगत एक डाव पाहीन म्हनते," बायनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"या घरात भगताचं नाव घ्याचं नाई, बायना."

"नाव कोन घेतलं? मी भगत म्हटलं."

एवढं बोलून त्यांनी गुरुजींसाठी जुन्या सतरंजीचा एक जाड कमरपट्टा शिवून दिला. गुरुजी तो रात्रंदिवस बांधून राहिले. वाकल्याशिवाय बोलता येतं, पण बसल्या बसल्या क्रांती होत नाही, ही त्यांची खंत होती.

अशातच बसस्टँडसमोरच्या गाळ्यात चुंबकलहरींची गादी आली. गादीला वायर होती, वायरीला डबा होता आणि डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत. ती चालवणारा कुलदीप चंद्रपूरहून आलेला. उन्हाळा डोक्यावर आला तरी गळ्यात टाय.

"काकाजी, पेशी म्हणजे समजा मोबाईल," तो सांगे. "उतरली का दुखते. ही गादी म्हणजे चार्जर. गुडघे, कंबर, साखर, झोप, चिडचिड, सगळ्यावर चालते."

सगळ्यावर चालणाऱ्या गोष्टीचा गुरुजींना एरवी राग. अंगारासुद्धा सगळ्यावरच चालतो, हे वाक्य त्यांच्या व्याख्यानात होतं. त्यांनी करड्या आवाजात विचारलं, "फ्रिक्वेन्सी किती आहे?" कुलदीपनं एक आकडा सांगितला. गुरुजींचं समाधान झालं. आकडा बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न, पण आकडा होता. गुरुजींचा हिशेब साधा होता : ज्याला वायर असते ते विज्ञान, ज्याला दोरा असतो ती अंधश्रद्धा.

गादीवर फुकट झोपायला मिळे. घ्यायची की नाही ते नंतर ठरवायचं. अट एकच, अंगावर धातू नको. गुरुजींनंतर गोकुळाबाईंचा नंबर होता, म्हणून त्यांनी बांगड्या काढल्या, जोडवी काढली आणि दंडाशी येऊन थांबल्या.

"हे ताईत नाई काढत मी. हे काढलं का माहा नवरा दारूच्या भट्टीवर गेलाच समजा."

"तो तं रोजच जाते," मागून मनसाराम धिवर म्हणाला.

"हे हाय म्हनून वापस तरी येते."

"राहू द्या मग, मावशी," कुलदीप शांतपणे म्हणाला. "फक्त लहरी उलट्या फिरतात. गुडघ्याचं दुखणं मानेत गेलं तर मले नका सांगू."

गोकुळाबाईंनी ताईत काढला. मनसारामनं काढला, जाळं रिकामं येऊ नये म्हणून बांधलेला. मग रांगेतला प्रत्येक दंड मोकळा झाला. गादीवर पालथे पडलेले गुरुजी हे डोळे भरून बघत होते. जे त्यांच्या व्याख्यानांनी झालं नाही ते एका वायरीनं केलं होतं.

लोक आपापले ताईत पदराच्या, रुमालाच्या गाठीत ठेवत होते. गुरुजींनी तिथूनच हुकूम सोडला, "गाठी सोडा. सगळे एका परातीत टाका. विज्ञान दिनाला मी ही परात मंचावर दाखवणार."

"वापस भेटंल ना जी?" मनसारामनं विचारलं. निम्मी रांग गुरुजींच्या हातचा मार खाल्लेली, त्यामुळे यापुढे कोणी बोललं नाही.

"तुम्हाला त्याची गरजच उरणार नाही."

गोंधळात, सोबत आलेल्या बायनाबाईंनी गुरुजींचा कमरपट्टा सोडवून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून त्याच्या शिवणीशी काहीतरी उसवत बसल्या. मग परातीजवळून एक चक्कर मारून आल्या.

परात गुरुजींच्या घरी आली. कुलदीप रोज विचारी, "किती टक्के फरक?" गुरुजी पहिल्या दिवशी वीस म्हणाले आणि पुढे लोकलाजेस्तव वाढवत गेले. ऐंशीवर पोचले तेव्हा त्यांना जोडे घालायला बायनाबाई लागत होत्या.

आठवडा उलटायच्या आत मनसाराम दारात उभा राहिला. "गुरुजी, तलावात जाळं टाकून राह्यलो, शेवाळ येऊन राह्यलं. माहा ताईत द्या."

"मासे हंगामावर असतात, मनसाराम."

"हाव जी. पन ताईत द्या."

परात पुढे आली. सगळे ताईत तांब्याचे, सगळे दोरे काळे. मनसारामनं बराच वेळ उलटापालट करून एक उचलला. मागोमाग गोकुळाबाई आल्या, त्यांनीही अंदाजानं एक नेला.

दुसऱ्या बाजारच्या दिवशी दोघं एकदमच आले.

"जाळं अजून रिकामंच हाय," मनसाराम म्हणाला. "वरून दारू गोड लागून नाई राह्यली. गिलास तोंडाजवळ नेला का मळमळते."

"अन् माहा नवरा पिऊन तलावावर पडते अन् सकाळी टोपलंभर मासोळी घेऊन येते," गोकुळाबाईंनी हात नाचवले. "घरात पाय ठेवाले जागा नाई, अन् शुद्धीवर कोनी नाई."

"हा निव्वळ योगायोग आहे," गुरुजी म्हणाले.

"मंग तोच वापस द्या ना जी. माह्याजवळचा योगायोग हिच्या घरी गेला."

त्या दोघांनी आपसात अदलाबदल केली, पण बातमी गावभर झाली. कोणाचा ताईत कोणाच्या दंडाला जाईल या भीतीनं गादी ओस पडली. संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात माणसं जमली. आवाज कोणी चढवला नाही. फक्त गोकुळाबाईंनी सांगितलं, "व्याख्यानाले आमी येऊ, गुरुजी. मंचावरच येऊ. ज्याचा त्याले नाई भेटला, तं तिथंच बसू."

कुलदीप तेवढा कानाशी लागला, "काकाजी, काही तरी करा. मालक गादी गुंडाळून वरोऱ्याले न्या म्हणून राह्यला."

गुरुजींच्या डोळ्यांपुढे व्याख्यान आलं, ठाण मांडून बसलेली माणसं आली. मग त्यांनी नोकरीभर अडचणीत जे केलं तेच केलं. घसा साफ करून धडा सुरू केला.

"नीट ऐका. हे सगळे ताईत चुंबकलहरींच्या गादीवर ठेवले, की त्यांतलं जुनं सगळं पुसलं जाईल. मग ज्याच्या हातात जो पडेल तो त्याचाच होईल."

तांब्याला चुंबक धरत नाही हे आपणच शिकवलं होतं, हे त्यांना बोलता बोलता आठवलं. पण वर्गात तेव्हाही कोणी ऐकत नव्हतं, ते आता कामी आलं.

अंगणात माना डोलल्या.

"पटलं," मनसाराम म्हणाला. "पन हात तुमचाच पायजे. तुमच्या हातून भेटला तं मानू."

विज्ञान दिनाला शाळेचं पटांगण पहिल्यांदाच भरलं. मंचावर गादी, गादीवर परात, डब्यावर हिरवे दिवे, आणि मागे कापडी फलक, 'गंडेदोरे आणि आपण'. फलकाखाली गुलाब गुरुजी कमरेत वाकून एकेकाच्या ओंजळीत ताईत ठेवत होते. त्यांना सरळ होता येत नव्हतं, लोकांना ती नम्रता वाटली. काही जणांनी पाय धरले. जे कधी गादीवर गेले नव्हते तेही घरून ताईत आणून परातीत बुडवून नेऊ लागले. शेवटी मुख्याध्यापक बाही वर सारून आले. कुलदीपनं फोटो काढले.

रांग संपली तेव्हा परातीत एक ताईत उरला. गुरुजींनी दोनदा पुकारा केला. कोणी आलं नाही. त्यांनी तो खिशात टाकून घरी आणला आणि खाटेवर बसत म्हणाले, "हा कोनाचा हाय, कोनास ठाऊक."

बायनाबाईंनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली नाही. "तुमचाच हाय."

"काय म्हनतं?"

"कमरपट्ट्यात शिवला होता. भगताचा. लहरी उलट्या फिरतीन म्हनून त्या दिवशी मीच काढला."

गुरुजी ताडकन उठायला गेले आणि अर्ध्यात अडकले. नोकरीभराचं व्याख्यान ओठांवर आलं होतं, पण कमरेनं ते तिथंच दाबून धरलं. त्याच अवस्थेत हिशेब मनात आपोआप लागत होता : पट्ट्यात तो होता तोवर निदान जोडे तरी आपल्या हातानं घालता येत होते.

"बायना," ते हळूच म्हणाले, "दार लोट."

बायनाबाईंनी दार लोटलं. गुरुजींनी कमरेचा पट्टा सोडून त्यांच्या पुढ्यात टाकला, वर ताईत ठेवला.

"शिवण बारीक घाल. वरून दिसलं नाई पायजे."