मोटारीतली फुंकणी

पाणीगेटच्या जगदेवराव मोहित्यांचा आपल्या मोटारीवर जेवढा भरवसा होता, तेवढा पोटच्या लेकीवरही नव्हता. निरुपमा मॅट्रिक झालेली. सयाजीमहाराजांच्या राज्यात मुली शिकल्या, पण हिला शिक्षणाबरोबर जीभही फुटली, आणि त्या जिभेपायी दोन स्थळं परत गेली. आज नवसारीहून तिसरं येणार होतं. "मोटारीतून उतरलेला पाहुणा नाही म्हणत नसतो," हे जगदेवरावांचं शास्त्र.

आणि नेमकी त्याच सकाळी, तेल बघायची पट्टी जिच्यातून इंजिनात जाते, ती नळी मोडली. मोडली म्हणजे काय, पुसता पुसता यांनीच मोडली. दुसरी मुंबईहून मागवायला वेळ कुठला? त्यांची नजर चुलीशेजारच्या पितळी फुंकणीवर गेली. गुपचूप उचलली, भोकात ठोकली. घट्ट बसली. स्वारी खूश.

पट्टी घालून काढली, तर कोरडी. डबाभर तेल ओतलं. तरी कोरडी. आणखी ओतलं. अहो, फुंकणी जुन्या नळीपेक्षा चार बोटं लांब, पट्टी तेलापर्यंत पोचणार कशी? पण घाईत असलेल्या बापाला कोण सांगणार.

स्टेशनवरून पाहुणे घेऊन मोटार निघाली ती मागे काळाकुट्ट धूर सोडतच. रावपुऱ्यात एक दुकानदार बादली घेऊन धावला. मुलाच्या आई, गंगाबाई, नाकाला पदर लावून बसल्या. मुलगा माधव हायस्कुलात मास्तर. तो खोकत म्हणाला, "काका, उतरून चालू या का?"

"छे छे. तेल नवं आहे, जरा बोलतंय."

दारात येऊन मोटार एकदाची गप्प झाली. घरातूनही तेवढाच धूर येत होता. फुंकणीवाचून चूल पेटत नव्हती आणि पोह्यांचा पत्ता नव्हता. निरुपमाची आई इंदिराबाई डोळे पुशीत बाहेर आल्या. "अहो, माझी फुंकणी कुठंय?"

जगदेवराव आभाळाकडे बघू लागले.

तोवर माधवने मोटारीचं झाकण उघडून पट्टी काढली होती. "कोरडी आहे. तेल घालायला हवं," म्हणत त्याने डबा उचलला.

"हात लावू नका." निरुपमा पायऱ्या उतरून आली. "तेल उतू चाललंय, म्हणून तर हा धूर. ही नळी नाही, आईची फुंकणी आहे. लांब आहे, म्हणून पट्टी खाली टेकत नाही."

जगदेवरावांनी डोळे मिटून घेतले. गेलं, हेही स्थळ गेलं. आता पोरीचं कसं व्हायचं?

निरुपमाने फुंकणी उपसली आणि बघायला आलेल्या नवऱ्यामुलाच्या हातात दिली. "आत नेऊन द्या. आणि आधी नीट धुवा."

माधव निमूटपणे आत गेला. थोड्या वेळाने घरातला धूर विरळ झाला. गंगाबाईंनी दारातून डोकावलं, तर मास्तर चुलीपुढे उकिडवे बसून गाल फुगवून फुंकत होते आणि इंदिराबाई संकोचून बाजूला उभ्या होत्या.

गंगाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग बाहेर येऊन जगदेवरावांना म्हणाल्या, "घरी हा उठून पाण्याचा पेला घेत नाही हो. मुलगी आम्हाला पसंत आहे." आणि निरुपमाकडे वळून जरा भीतभीतच विचारलं, "तुला आमचा माधव चालेल ना, बाळ?"

निरुपमाने तेलकट हात पुसले.

"चालेल," ती म्हणाली. "सकाळपासून धूर कमी करणारे हे पहिलेच."