ढगातला शिक्का

सरकारी कंपनीशी भागीदारी केली की परदेशी माणसाला शेवटी छान चहा पाजून दाराबाहेर ठेवतात, असं मला कितीतरी जणांनी सांगितलं होतं. मी हसायचो. फसणारी माणसं वेगळी असतात, असं माझं ठाम मत होतं. माझ्या कंपनीचा कायदेशीर प्रमुख मी स्वतः होतो! ऑफिसच्या भिंतीवर काचेत परवाना होता आणि त्यावर माझं नाव ठसठशीत होतं. बेव्हन टरंबल, मूळ गाव न्यूझीलंडमधलं मास्टरटन, धंदा गरम हवेचे फुगे उडवण्याचा, मुक्काम चीनच्या ग्वेजो प्रांतातला वूली तालुका, तिथल्या लोकांच्या तोंडी 'मास्तर'. एक्कावन्न टक्के तालुक्याच्या पर्यटन कंपनीचे, एकोणपन्नास माझे, पण खुर्ची माझी. असा परदेशी आख्ख्या प्रांतात मी एकटाच आहे, हे मी स्वतःच लोकांना सांगायचो.

हे जमलं ओउयांग साहेबांमुळे. ते तेव्हा पर्यटन कंपनीचे संचालक होते. पहिल्याच दिवशी मी त्यांना पहाटेच्या फुग्यातून वर नेलं. खाली दरीभर धुकं साचलं होतं आणि त्यातून डोंगरांचे माथे असे वर आले होते, जशा डबक्यात बसलेल्या म्हशींच्या पाठी. अर्धा तास साहेब टोपलीच्या कडेवर रेलून खाली बघत राहिले. मग म्हणाले, खाली उतरल्यावर जे मागाल ते देतो. मी प्रमुखपद मागितलं. त्यांनी लगेच दिलं. इतक्या लगेच दिलं, की कुणालाही संशय आला असता. पण वूलीच्या धुक्यात संशय फार वेळ टिकत नाही. तोही विरून जातो.

त्यांची अट एकच होती. कंपनीचा शिक्का सरकारी कंपनीच्या ताब्यात राहील. मी म्हटलं, राहू दे की. बशीच्या खळगीएवढा गोल रबराचा ठोकळा, त्यावरून कोण भांडणार? इथे माणसाची सही म्हणजे नुसती शाई आणि शिक्का म्हणजे खुद्द कंपनी, हे मला ऐकून माहीत होतं. पण ऐकलेलं आणि कळलेलं यांत बरंच अंतर असतं.

शिक्का सांभाळायच्या सरकारी कंपनीतल्या थान काकू. पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, पाठीचा कणा फूटपट्टीसारखा ताठ. शिक्का त्या एका कापडी बटव्यात ठेवून गळ्यात अडकवायच्या आणि त्याच्यासकटच जेवायला बसायच्या.

आठ वर्षं स्वप्नात गेल्यासारखी गेली. मग ओउयांग साहेबांची चहामळ्यांच्या कंपनीत बदली झाली आणि छ्यू साहेब आले. छ्यू साहेबांना वर बघितलं की चक्कर यायची. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांच्या देखत मला विचारलं, की फुगा खालीच राहील अशी काही सोय आहे का. मी नाही म्हणालो. त्यांनी सुस्कारा टाकला आणि नवा नियम काढला. दोराने बांधल्याशिवाय उड्डाण नाही आणि प्रत्येक उड्डाणाच्या कागदावर जागेवर शिक्का हवा. तेव्हापासून थान काकू रोज पहाटे मैदानात टेबल मांडून बसू लागल्या.

समोरच्या डोंगरावर त्याच सुमारास काचेचा पूल उभा राहायला लागला. छान दिसायचा. डोंगरातून निघायचा आणि धुक्यात जाऊन अर्ध्यावरच संपायचा. कुणाचा असेल बरं, असं मी कौतुकाने म्हणायचो. तो माझा होता! म्हणजे छ्यू साहेबांनी आमच्या कंपनीचा शिक्का मारून त्याचं काम दिलं होतं, मग मनात काय आलं कोण जाणे, मध्येच थांबवलं होतं आणि ठेकेदार कोर्टात गेला होता.

हे मला कळलं विमानतळावर. माझ्या मुलीचं, टेसाचं, लग्न ठरलं होतं. आई नाही तिला. मी गेलो नाही तर तिचा हात धरून तिला नवऱ्यापर्यंत चालत न्यायला कुणीच नव्हतं. मी बॅग घेऊन रांगेत उभा राहिलो, तर पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीने फार अदबीने सांगितलं, की काका, तुम्हाला देश सोडायला बंदी आहे. मी म्हटलं, काहीतरी चुकतंय, मी कंपनीचा प्रमुख आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

कोर्टातल्या कारकुनाने मला समजावून सांगितलं, की पुलाचा खटला मिटेपर्यंत कंपनीच्या प्रमुखाला देश सोडता येत नाही. प्रमुख बदला, की बंदी नव्या प्रमुखाच्या गळ्यात जाईल. सोपं आहे. राजीनामा लिहा आणि त्यावर कंपनीचा शिक्का आणा.

मी छ्यू साहेबांकडे गेलो. त्यांनी मला उत्तम चहा पाजला. शिक्का मारायला त्यांची काहीच हरकत नव्हती. फक्त आमच्या नियमाप्रमाणे असल्या कागदाला प्रमुखाची लेखी मंजुरी लागते. मी मंजुरी लिहून दिली. तर ते म्हणाले, मास्तर, मंजुरीवरही शिक्का लागतो ना. असे तीन दिवस मी त्यांच्या जिन्यावरून वरखाली केलं. त्यांचं गणित साधं होतं. मी सुटलो तर पूल त्यांच्या गळ्यात.

लग्न शनिवारी होतं. मंगळवारी पहाटे मी मैदानात गेलो. धुकं इतकं मऊ होतं, की त्यात डोकं टेकून झोपावं. प्रवासी कुणी नव्हते. थान काकू टेबलाशी यांगमेई खात बसल्या होत्या. ही लालभडक आंबटगोड फळं, खाल्ली की बोटं दोन दिवस रंगलेली राहतात. बराच वेळ त्या फुग्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, मास्तर, नऊ वर्षं तुमच्या कागदांवर शिक्के मारतेय, पण वर काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, चला. दोर बांधलेलाच आहे, तीस फूट वर जाऊ आणि येऊ. त्या दिवशी मैदानातला खुंटा सैल झाल्यामुळे दोर छ्यू साहेबांच्या गाडीला बांधला होता. आम्ही वर गेलो. तेवढ्यात साहेबांनी गाडी मागवली. ड्रायव्हर शिस्तीचा. त्याने दोर सोडला, मोकळं टोक नीट गुंडाळून जमिनीवर ठेवलं आणि गाडी घेऊन गेला. खरं सांगतो, यात माझा हात नव्हता. पण मी हाकही मारली नाही.

धुक्यातून वर आलो तेव्हा ऊन पडलं होतं. खाली सगळं पांढरं. थान काकूंनी दोन्ही हातांनी टोपलीची कड घट्ट धरली होती, मग एक हात सोडला, मग दुसरा. कुठेतरी खाली कोंबडा आरवला. त्या म्हणाल्या, "आपण कुठे चाललोय?"

"वारा नेईल तिकडे. बहुतेक शेजारच्या तालुक्यात."

"शिक्का तालुक्याबाहेर न्यायला परवानगी नाही."

"मग खाली टाका."

त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग विचारलं, मुलीचं लग्न कधी? मी सांगितलं आणि खिशातला राजीनामा काढला. खरं तर दाखवायलाच काढला होता. त्यांनी तो हातात घेतला आणि अगदी सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचला.

"चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वाचून मारतेय," त्या म्हणाल्या आणि बटवा उघडला.

शाईची डबी टेबलावर राहिली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग काकूंनी पिशवीतली चार यांगमेई तळहातावर चुरडली, शिक्का त्यात फिरवला आणि टोपलीच्या कडेवर कागद ठेवून सगळा जोर लावून उमटवला. अक्षर न् अक्षर स्पष्ट. डोंगर, ऊन, पांढरं धुकं आणि माझ्या हातात फळाचा वास येणारी सुटका. त्या घटकेला मला वाटलं, की आता खाली उतरायलाच नको.

उतरलो ते शेजारच्या तालुक्यातल्या एका बटाट्याच्या शेतात. तिथून टेम्पोने नोंदणी कचेरी गाठली. कारकुनाने कागद उजेडात धरला, वास घेतला. म्हणाला, शिक्का खरा आहे, रंग मात्र खाण्याचा आहे. आणि कागद परत दिला.

पण तोवर वूलीत बोभाटा झाला होता, की सरकारी कंपनीचा शिक्का परदेशी माणसाबरोबर हवेतून पळून गेला. छ्यू साहेब पांढरेफटक पडले. हे जिल्ह्याला कळलं असतं तर पहिली त्यांची खुर्ची गेली असती. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. थान काकूंना ते काही बोलू शकत नव्हते, कारण बोलले तर ते लेखी आलं असतं आणि जिल्ह्यापर्यंत गेलं असतं. मला म्हणाले, झालं ते झालं, तुम्ही कुठे बोलू नका, तुमचा राजीनामा आम्ही स्वतः नीट टाइप करतो, लाल शाईत. नवा प्रमुख म्हणून त्यांनी फाटकावरच्या ऐंशी वर्षांच्या रखवालदाराचं नाव घातलं. आजोबा खूश होते. देश सोडायच्या बंदीचं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "अरे बाळा, मी अजून तालुका सोडलेला नाही."

कागद तीन पानी होता. मी भरल्या डोळ्यांनी सह्या केल्या आणि छ्यू साहेबांना मिठी मारली.

दोन दिवसांनी विमानतळावर मला कुणी अडवलं नाही. विमानात वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी राजीनाम्याची प्रत काढली. पहिल्या पानावर राजीनामा होता. दुसऱ्या पानावर मी माझे एकोणपन्नास टक्के, सातही फुगे आणि टोपल्या वूलीच्या जनतेला प्रेमपूर्वक भेट दिल्या होत्या. तिसऱ्या पानावर जनतेने माझे आभार मानले होते. मी ती पानं दोनदा वाचली. मग खिडकीबाहेर ढग होते, ते बघत बसलो.

टेसा सुंदर दिसत होती. तिचा हात धरून मी चाललो आणि एकदाही अडखळलो नाही. जेवणाच्या वेळी व्याही शेजारी बसले. ते मेंढ्यांचे मोठे व्यापारी. आवाज खाली घेऊन त्यांनी विचारलं, चीनमध्ये तुमचा मोठा धंदा आहे म्हणे, कसा काय चाललाय?

"वाऱ्यावर आहे," मी म्हणालो.

फुग्यांचा धंदा, दुसरं काय म्हणणार! व्याही खो खो हसले आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन तो विनोद सांगू लागले. मीही हसलो. एकच पंचाईत झाली. तेव्हापासून ते दर रविवारी फोन करतात आणि म्हणतात, आम्हाला तुमच्या फुग्यात कधी नेताय? मी त्यांना सांगितलंय, की या जूनमध्ये या. तिकिटाच्या रांगेत बरोबर उभं राहू.