डावं वळण बंद आहे

माणसाची उंची त्याच्या विचारांवरून ठरते, असं पूर्वी मानत. हल्ली ती त्याच्या जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून ठरते, आणि मोजायला हे केव्हाही सोपं.

विमा कार्यालयातल्या एका हेडक्लार्कने याच तत्त्वाला अनुसरून आपली जीप चार बोटं उचलून घेतली. जाड पाटे आले, थोराड चाकं आली. दुर्गम प्रदेशात जाता यावं हा उदात्त हेतू. तो ज्या उंच जीप मंडळाचा सदस्य होता, त्यातली प्रत्येक जीप दुर्गम प्रदेशासाठी सज्ज असून एक तर प्रत्यक्ष डांबर सोडून गेलेलीही आहे. (त्या दिवशी रस्ता खणला होता. जीप प्रस्तुत लेखकाची.)

अडचण एकच उद्भवली. जीप वर गेली, पण चाकं वळवणारा आडवा रॉड तिच्याबरोबर जायला तयार होईना. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं की तो पाट्याला घासे. फिटरने रॉड वाकवला, तर तो इंजिनच्या चेंबरला लागला. इंजिन उचललं, तर पंखा बॉनेटला लागला. बॉनेटला भोक पाडून वर झाकण बसवलं. झाकणाचं मंडळात फार कौतुक झालं. तेवढ्यात वाकवलेला रॉड पुन्हा पाट्याला भेटायला आला.

मग फिटरने मुळावरच घाव घातला. डाव्या वळणाच्या आड त्याने एक लोखंडी ठोकळा वेल्ड केला.

"आता डावीकडे वळणारच नाही, तर घासेल कशाला?" तो म्हणाला.

तर्क बिनतोड होता. जुने पाटे परत बसवणे असाही एक उपाय होता. पण त्याने अडचण सुटली असती आणि मंडळात नाक कापलं गेलं असतं, म्हणून तो विचारात घेण्यात आला नाही. तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं, हे भूमितीने सिद्धच आहे. हेडक्लार्क दूध आणायलाही भूमितीने जाऊ लागला.

अशात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डॉक्टर बाहेरगावचे, दहाच्या ठोक्याला सुरू करून निघून जाणारे. सासूबाईंना स्टुलावरून जीपमध्ये चढवण्यात आलं. चौकात दवाखाना डाव्या हाताला. जीप उजवीकडे वळली.

"अहो, डावीकडे वळा ना," बायको म्हणाली. "तो काय समोर दिसतोय दवाखाना."

"डावं वळण बंद आहे."

"कुणी केलं?"

यावर गिअर बदलण्यात आला. दुसऱ्या उजव्या वळणावर पाइप टाकण्याचं काम चालू होतं, त्यामुळे भूमिती पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागली.

"जावईबापू, हा निळा फलक मगाशी गेला ना?" मागून सासूबाई म्हणाल्या.

"तसाच दुसरा आहे, आई."

"असेल. मला कुठे दिसतंय? तुम्ही म्हणाल ते खरं."

ते पोचले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली. बायको भिंतीकडे बघत राहिली. सासूबाईंनी मात्र जावयाच्या हातावर हात ठेवला.

"असू द्या. अजून महिनाभर तुमची जीप मला छानच दिसेल."

हेडक्लार्कला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण त्याच्या जीपमधून धरणीपर्यंत उतरायलाही स्टूलच लागलं असतं. त्याच संध्याकाळी त्याने ठोकळा तोडून जुने पाटे बसवून घेतले. रॉड कशालाच लागेना. पुढच्या सभेत त्याने हीच गोष्ट 'शून्य बोटं प्रणाली' म्हणून सादर केली. टाळ्या पडल्या, आणि अर्ध्या मंडळाने फिटरकडे नंबर लावले. (प्रस्तुत लेखक तिसरा.)

यातून वाचकाने बोध घ्यावा असा आग्रह नाही. त्याच्याकडे उंच जीप नसणारच. फक्त घरातलं कुणी "तो काय समोर दिसतोय, वळा ना" म्हणालं, तेव्हा आपण शेवटचं काय उत्तर दिलं होतं, एवढं त्याने आठवून पाहावं. आणि त्या वेळी मागे कोण बसलं होतं, तेही.